पावती नसलेला होकार

१६ जून २००४ रोजी अमेरिकेने पाकिस्तानला 'नाटोबाहेरचा प्रमुख मित्रदेश' असा दर्जा दिला. दोनच दिवसांत पाकिस्तानच्या अफगाण सीमेलगतच्या दक्षिण वझिरिस्तानात, वानाजवळ, नेक मोहम्मद वझीर हा तालिबानी म्होरक्या क्षेपणास्त्राने मारला गेला. पाकिस्तानी भूमीवर अमेरिकी ड्रोनने केलेला हा पहिला ज्ञात हल्ला. पण त्या दिवशी तसे कोणी म्हणाले नाही. ही कामगिरी आमचीच, असे पाकिस्तानी लष्कराने ठोकून दिले आणि अमेरिकेने त्याला ते ठोकू दिले. पुढे जवळपास दीड दशक जे चालले त्याचा साचा त्या एका आठवड्यातच पक्का झाला. मैत्री जाहीर, हल्ला गुप्त, आणि मेलेल्यांचा हिशेब कोणाकडेच नाही.

मित्रदेशाच्या हद्दीत घुसून दहशतवाद्यांना मारावे का, हा वाद बहुतेक वेळा दोन खुंट्यांना अडकून पडतो. एक बाजू यंत्राकडे बोट दाखवते: हजारो मैलांवर खुर्चीत बसून माणूस मारणे हेच भ्याडपणाचे. दुसरी सीमेकडे बोट दाखवते: सार्वभौमत्व म्हणजे सार्वभौमत्व, तिथे अपवाद नाही. मला दोन्ही पटत नाहीत. तोफखान्याचा जवानही आपण मारलेला माणूस पाहत नाही, उलट ड्रोनचा चालक तो कित्येक तास पाहत असतो. आणि यजमान देशाने मनापासून परवानगी दिली असेल तर सीमा ओलांडण्यात मुळात गैर काही राहत नाही. खरी खोट तिसरीकडे आहे, त्या परवानगीच्या स्वरूपात. पाकिस्तानचा होकार पावती नसलेला होता, आणि या प्रकरणातले बहुतेक नैतिक गुन्हे त्या न दिलेल्या पावतीतून निघाले.

कायद्याची बाजू थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम २(४) दुसऱ्या देशावर बळाचा वापर करण्यास मनाई करते. कलम ५१ सशस्त्र हल्ला झाल्यास स्वसंरक्षणाची मुभा देते. यजमान देश संमती देत असेल तर २(४)चा प्रश्न उद्‌भवत नाही, मात्र ती संमती वैध हवी, म्हणजे मोकळेपणाने आणि स्पष्टपणे दिलेली. संमती नसेल तर अमेरिका 'यजमान देश दहशतवाद्यांना आवरायला राजी नाही किंवा समर्थ नाही' या युक्तिवादाचा आधार घेते. शत्रुराष्ट्राबाबत तो निदान सरळ तरी असतो. ज्याला आपण वर्षाला कोट्यवधी डॉलरची लष्करी मदत देतो त्याच्याबाबत 'तो राजी नाही' असे म्हणायचे आणि मदतही चालू ठेवायची, हा प्रकार युक्तिवादापेक्षा सोयीकडे झुकतो.

पाकिस्तानात तर दोन्ही आधार एकाच वेळी खिशात होते. २००८ मध्ये पंतप्रधान युसूफ रझा गिलानी यांनी अमेरिकी राजदूतांसमोर जे सांगितले ते दोन वर्षांनी विकिलीक्समुळे बाहेर आले: योग्य माणसे मारली जात असतील तर आमची हरकत नाही, आम्ही संसदेत निषेध करू आणि मग दुर्लक्ष करू. परवेझ मुशर्रफ यांनी २०१३ मध्ये कबूल केले की मोजक्या प्रसंगी आपण संमती दिली होती. बलुचिस्तानातला शम्सी हा हवाईतळ, जिथे एरवी आखाती शेख तिलोर पक्ष्यांच्या शिकारीसाठी उतरत, तिथून ड्रोन उडत होते. पुढे संबंध बिघडल्यावर तर आणखीच विचित्र प्रथा पडल्याच्या बातम्या आल्या. अमेरिका कोणत्या पट्ट्यात ड्रोन उडणार हे आयएसआयला फॅक्सने कळवी, आयएसआय उत्तर देत नसे, पण त्या पट्ट्यातली हवाई वाहतूक मोकळी ठेवली जाई. या मौनालाच वॉशिंग्टनने होकार मानले. तिकडे १२ एप्रिल २०१२ रोजी पाकिस्तानी संसदेने हल्ले थांबवण्याचा ठराव एकमताने केला होता. म्हणजे देशाची संसद नाही म्हणते, देशाचे फॅक्स यंत्र हो म्हणते, आणि मोजला जातो तो यंत्राचा होकार.

या आडपडद्याने जमिनीवर काय होते हे समजायचे तर हल्ला कसा होतो ते पाहावे लागते. प्रेडेटर ड्रोनवर दोन हेलफायर क्षेपणास्त्रे बसतात, त्याच्या मोठ्या भावावर, रीपरवर, चार आणि सोबत बॉम्बही. एक हेलफायर पन्नासेक किलोचे, त्याचे स्फोटक शीर्ष (वॉरहेड) आठ-नऊ किलोचे. मोकळ्यावर साधारण १५ मीटरच्या घेरात ते जीव घेते. विमानातल्या बॉम्बशी तुलना करता हे खरोखरच नेमके हत्यार आहे. पण नेमकेपणा क्षेपणास्त्राचा असतो, माहितीचा नसतो. लेझरचा ठिपका जिथे ठेवाल तिथे ते जाऊन पडते. ठिपका कुठे ठेवायचा हे मात्र कोणीतरी ठरवलेले असते.

ते ठरवताना आधी लक्ष्याची ओळख पटवावी लागते: खबरी, फोनचे सिमकार्ड, आणि दिवसच्या दिवस वरून केलेली टेहळणी. यातले प्रत्येक साधन आपापल्या परीने फसवते. खबऱ्याचे गावात जुने वैर असू शकते. सिम हातोहात फिरते, भावाचा फोन भाचा वापरतो. कॅमेरा जितका जवळचे दाखवतो तितका आजूबाजूचा भाग त्याच्या चौकटीतून निसटतो. वझिरिस्तानातले घर म्हणजे उंच मातीच्या भिंतींचा वाडा, त्यात अनेक भावांची कुटुंबे. पडदा पाळणाऱ्या बायका दिवसा फारशा अंगणात दिसत नाहीत, त्यामुळे आकाशातून माणसे मोजणाऱ्याच्या हिशेबात त्या येतच नाहीत. घराच्या दर्शनी बाजूला हुजरा, पाहुण्यांची बैठक. बंदूकधारी माणूस रात्री दारात आला तर त्याला हुजऱ्यात जागा नाकारणे पश्तून रिवाजात बसत नाही, आणि नाकारले तर जीव जाण्याची भीतीही असतेच. वरून पाहणाऱ्याला मात्र दिसते ते इतकेच की या घरात दहशतवादी मुक्कामाला असतात.

यापुढची पायरी म्हणजे ज्यांची नावेही ठाऊक नाहीत अशांवर निव्वळ वागणुकीवरून केलेले हल्ले. शस्त्रे घेतलेले, लढण्याच्या वयाचे पुरुष, एका जागी जमलेले, गाड्यांचा ताफा. ज्या मुलखात पुरुष सहज बंदूक बाळगतो आणि प्रत्येक तंटा पुरुषांच्या जमावापुढेच सुटतो, तिथे ही लक्षणे लग्नालाही लागू पडतात. १७ मार्च २०११ रोजी उत्तर वझिरिस्तानात दत्ता खेल इथे क्रोमाइटच्या खाणीच्या तंट्यावर जिरगा, म्हणजे टोळ्यांची न्यायसभा, भरला होता. त्यात सरकारमान्य मलिक, म्हणजे टोळीप्रमुख, होते आणि काही तालिबानीही होते. जिरगा भरणार असल्याची खबर जवळच्या लष्करी ठाण्याला आधीच दिलेली होती. क्षेपणास्त्रे पडली, सुमारे ४० माणसे मेली. आदल्या दिवशीच लाहोरच्या तुरुंगातून, दोन पाकिस्तान्यांना गोळ्या घातल्याच्या खटल्यातून, सीआयएचा कंत्राटी माणूस रेमंड डेव्हिस सुटला होता.

इथे गुपचूप होकाराचा थेट तोटा दिसतो. ठाण्याला जे माहीत होते ते ड्रोन चालवणाऱ्यापर्यंत पोहोचण्याची कोणतीही अधिकृत वाट नव्हती, कारण अधिकृतपणे ड्रोनच नव्हते. उघड करार असता तर समन्वयाचा कक्ष असता, आणि कोणत्या दिवशी कुठे जिरगा आहे, कुठे अंत्यविधी आहे याची नोंद तिथे झाली असती. समन्वय असूनही विश्वास नसेल तर काय होते ते त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला अफगाण सीमेवरच्या सलाला या पाकिस्तानी चौकीवर दिसले. नाटोच्या हेलिकॉप्टर-विमानांनी २४ पाकिस्तानी सैनिक मारले. अमेरिकी चौकशीत निघाले की पाकिस्तानला हल्ल्याची जागाच चुकीची कळवली गेली होती, आणि अचूक जागा सांगितली तर ती फुटेल या संशयाने ती मोघम सांगितली जात असे. मित्रावर इतकाही विश्वास नसेल तर त्याच्या आकाशातून गोळी झाडण्याआधी मैत्रीचाच फेरविचार व्हायला हवा.

हल्ल्यानंतरचे चित्र याहून वाईट. स्थानिक तालिबानी जागा वेढतात, प्रेते त्याच दिवशी पुरली जातात, शवविच्छेदनाचा प्रश्नच नाही. परदेशी पत्रकाराला तेव्हा कबायली, म्हणजे टोळ्यांच्या, भागात प्रवेश नव्हता. बातमी येते ती निनावी अधिकाऱ्याच्या तोंडून: इतके दहशतवादी ठार. आकड्यांचे काय होते ते पाहा. पेशावर उच्च न्यायालयात खटला चालला तेव्हा प्रशासनाच्या माहितीच्या आधारे, पाच वर्षांत एकट्या उत्तर वझिरिस्तानात ८९६ नागरिक मेल्याची नोंद झाली. मे २०१३ मध्ये न्यायालयाने हे हल्ले बेकायदा आणि युद्धगुन्हा ठरवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानच्या संरक्षण मंत्रालयाने सेनेटला सांगितले, की २००८ पासून सगळे मिळून ६७ नागरिक मेले. एकच देश, एकच वर्ष. कोर्टात ८९६, सेनेटमध्ये ६७. अमेरिकेने २०१६ मध्ये पहिल्यांदा आकडा दिला तो पाकिस्तान, येमेन, सोमालिया, लिबिया सगळे एकत्र करून: २००९ ते २०१५ मध्ये ४७३ हल्ले आणि ६४ ते ११६ नागरिक. ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नालिझम या स्वतंत्र पत्रकार संस्थेची मोजणी त्याच काळासाठी ३८० ते ८०१. खरा आकडा यांपैकी कोणता यावर वर्षानुवर्षे वाद घालता येईल. आकडा ठरवण्याचे बंधन कोणावर होते हे विचारले तर उत्तर एका शब्दाचे आहे: कोणावरच नाही.

आणि ज्यांच्या डोक्यावर हे चालले होते त्यांना विचारायचे तर कुठे? २०१८ च्या घटनादुरुस्तीने खैबर पख्तूनख्वात विलीन होईपर्यंत कबायली भागात १९०१ चा इंग्रजांचा फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन लागू होता. एकाच्या गुन्ह्यासाठी आख्ख्या टोळीला शिक्षा करण्याची त्यात तरतूद. पाकिस्तानी राज्यघटनेचे कलम २४७ उच्च न्यायालयांचे हात तिथे बांधून ठेवी. म्हणजे इस्लामाबादने वझिरिस्तानच्या वतीने होकार दिला, पण वझिरिस्तानच्या माणसाला इस्लामाबादने पूर्ण नागरिकच मानले नव्हते. आपल्याच ज्या माणसांना सरकार कायद्याच्या बाहेर ठेवते, त्यांच्या जिवाबद्दल त्या सरकारने दिलेल्या संमतीचे नैतिक वजन किती धरायचे? माझ्या मते फारच थोडे.

जानेवारी २०१५ मधला एक हल्ला या विषमतेवर लख्ख उजेड टाकतो. शेकडो तास टेहळणी करूनही आत ओलीस आहेत हे कळले नाही, आणि वॉरन वाइनस्टाइन हा अमेरिकी व जोव्हानी लो पोर्तो हा इटालियन मदतकार्यकर्ता मारले गेले. तीन महिन्यांनी ओबामा स्वतः कॅमेऱ्यासमोर आले, जबाबदारी घेतली, माफी मागितली. लो पोर्तोच्या कुटुंबाला पुढे सुमारे १२ लाख युरो मिळाले. हे योग्यच झाले. दत्ता खेलच्या एकाही घराला अमेरिकी अध्यक्षांकडून असा शब्द मिळाला नाही. देता येणे शक्यच नव्हते, कारण तो द्यायचा तर हल्ला केल्याचे कबूल करावे लागले असते.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. हे हल्ले निष्फळ होते असे म्हणणारे लादेनची पत्रे वाचत नाहीत. अबोटाबादच्या घरात सापडलेल्या कागदपत्रांत तो आपल्या माणसांना वझिरिस्तान सोडायला सांगतो, ढगाळ दिवशीच प्रवास करा म्हणतो. पर्याय म्हणून जे सुचवले जाते ते, म्हणजे पाकिस्तानी लष्कराची जमिनीवरची मोहीम, तेही काही कोमल नव्हते. २००९ मध्ये स्वातमधून वीस लाखांवर माणसे विस्थापित झाली, २०१४ च्या झर्ब-ए-अझ्ब मोहिमेत उत्तर वझिरिस्तान जवळपास रिकामे झाले. तोफा आणि लढाऊ विमाने गावांवर चालतात तेव्हा हेलफायर दयाळू वाटू लागते. काही वझिरी लोक खासगीत हेच बोलत, असे तिथल्या वार्ताहरांनी नोंदवले आहे.

आपल्याकडच्या वाचकाचा मोह तर वेगळाच असतो: आपला वैरी मेला, मग कसा मेला याची चौकशी कशाला? इलियास काश्मिरी या पाकिस्तानी दहशतवाद्याचे उदाहरण घ्या. २६/११ साठी मुंबईची टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीसोबत, डेन्मार्कच्या वृत्तपत्रावरील हल्ल्याच्या कटात, शिकागोत त्याच्यावर आरोपपत्र होते. जून २०११ मध्ये दक्षिण वझिरिस्तानातल्या ड्रोन हल्ल्यात तो मेल्याचे जाहीर झाले तेव्हा मुंबईत कोणी अश्रू ढाळले नसतील, ढाळायचे कारणही नव्हते. पण सप्टेंबर २००९ मध्येही तो मेल्याचे असेच जाहीर झाले होते, आणि पुढच्याच महिन्यात त्याने मुलाखत दिली. मग पहिल्या वेळी जे मेले ते कोण? हा प्रश्न विचारायला दहशतवाद्यांबद्दल कळवळा असावा लागत नाही, हिशेबाची साधी सवय पुरते.

मोहाला दुसरे उत्तर अधिक व्यावहारिक आहे. गुप्त संमतीत देवाणघेवाण ठरलेली असते. पहिला बळी नेक मोहम्मद हा मुख्यतः पाकिस्तानी लष्कराचा वैरी होता. ऑगस्ट २००९ मध्ये मेलेला, पाकिस्तानी तालिबानचा प्रमुख बैतुल्ला महसूदही पाकिस्तानच्याच जिवावर उठलेला. ड्रोनला उडायला जे पट्टे दिले होते ते कबायली भागातले. पंजाबातले मुरीदके, जिथे लष्कर-ए-तय्यबाचे मुख्यालय आहे, त्या पट्ट्यांत कधीच नव्हते. म्हणजे यजमानाने आपल्या नकोशांची यादी पाहुण्याकडून पार पाडून घेतली आणि आपली लाडकी मंडळी झाकून ठेवली. उघड करारात किमान विचारता तरी येते, की या यादीत अमुक संघटना का नाही.

मग संमतीशिवाय थेट घुसण्याचे काय? इथे मी अपवाद मानतो, पण फार अरुंद. लादेनला मारणाऱ्या २ मे २०११ च्या अबोटाबाद कारवाईत त्याचे घर बॉम्ब टाकून उडवण्याचा पर्याय वॉशिंग्टनसमोर होता, तो बाजूला ठेवून माणसे पाठवली गेली. त्यामुळे ओळख पटवता आली, घरातल्या बायकामुलांपैकी बहुतेक वाचली, कागदपत्रे हाती लागली, आणि अध्यक्षांनी त्याच रात्री जगापुढे 'आम्ही केले' म्हटले. धोका हल्ला करणाऱ्याने स्वतःच्या अंगावर घेतला होता. त्याच्याशेजारी २१ मे २०१६ चा बलुचिस्तानातला हल्ला ठेवा. इराणहून परतणारा तालिबानप्रमुख मुल्ला अख्तर मन्सूर रस्त्यात मारला गेला, आणि त्याच्यासोबत भाड्याच्या गाडीचा चालक. त्या चालकाच्या घरच्यांनी अमेरिकेविरुद्ध पोलिसांत गुन्हा नोंदवला. प्रवासी कोण हे ठाऊक नसलेल्या चालकाचा जीव या हिशेबात किती धरला होता, हे अमेरिकेने कधी सांगितले नाही.

उघड संमती मागणे भोळेपणाचे आहे, असा आक्षेप येतो: असे जाहीर केले तर मित्र सरकार पडेल. पडू शकते. पण इराकने ते करून दाखवले. सप्टेंबर २०१४ मध्ये इराकच्या परराष्ट्रमंत्र्यांनी सुरक्षा परिषदेला पत्र लिहून आयसिसविरुद्ध अमेरिकेच्या नेतृत्वाखाली हल्ल्यांची मदत उघडपणे मागितली. त्याने नागरिक मरायचे थांबले नाहीत. १७ मार्च २०१७ रोजी मोसूलच्या अल-जदिदा भागात एका बॉम्बने शंभरावर नागरिक मेले. पण अमेरिकी लष्कराने चौकशी केली, आकडा मान्य केला, स्फोटात काय घडले याचा आपला खुलासा छापला, आणि लोकांना तो खोडून काढता आला. आघाडी नागरी मृत्यूंचे अहवाल नियमित काढत राहिली आणि अखेरीस १,४०० हून अधिक मृत्यू तिने स्वतः कबूल केले. स्वतंत्र संस्थांचे आकडे यापेक्षा बरेच मोठे आहेत, तो वाद चालू आहे. वझिरिस्तानात असा वाद घालायला समोर कोणी उभाच नव्हता.

म्हणून किमान अटी अशा असाव्यात. करार लेखी आणि दोन्ही संसदांपुढे ठेवलेला, त्यात भूभाग आणि मुदत लिहिलेली, मुदत वर्षाहून जास्त नको. हल्ला गुप्तचर संस्थेने नव्हे, लष्कराने करावा, कारण लष्कराला जाब विचारणारी काही यंत्रणा तरी असते. ओळख न पटलेल्यांवर निव्वळ वागणुकीवरून हल्ला नको. हल्ल्यानंतर दोन्ही देशांच्या पथकाने जागेवर जावे. जाता येणे शक्य नसेल, तर त्या भागावर यजमानाचा ताबाच नाही हे उघड होते, आणि मग त्याच्या संमतीची किंमत पुन्हा तपासावी लागते. भरपाईची रक्कम आधीच ठरलेली, मेलेल्याचा पासपोर्ट कोणता यावर न ठरणारी. यातली कोणतीही अट तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. सगळ्या राजकीयदृष्ट्या गैरसोयीच्या आहेत.

भारताला हा विषय परका नाही. डिसेंबर २००३ मध्ये भूतानने अनेक वर्षांच्या वाटाघाटींनंतर, स्वतःच्या राष्ट्रीय सभेत खुली चर्चा करून, स्वतःच्या सैन्यानिशी उल्फा, एनडीएफबी आणि केएलओ या भारतातल्या सशस्त्र फुटीर संघटनांचे ३० तळ उद्ध्वस्त केले. भारताने सीमा रोखून धरली आणि जखमींना सांभाळले. हा मार्ग संथ होता, पण कोणालाही काही नाकारावे लागले नाही. जून २०१५ मध्ये मणिपूरच्या चंदेल जिल्ह्यात १८ जवान मारले गेल्यावर भारतीय कमांडोंनी म्यानमार सीमेवर कारवाई केली. दिल्लीतल्या मंत्र्यांनी सीमा ओलांडल्याचा गाजावाजा केला, आणि म्यानमार सरकारला कारवाई भारताच्या हद्दीतच झाली असे सांगावे लागले. २०१९ मध्ये दोन्ही सैन्यांनी समन्वयाने मोहीम केली, ती त्यापेक्षा बरी.

जुलै २०२५ मध्ये उल्फा (आय) या उल्फाच्या एका गटाने म्यानमारमधल्या आपल्या छावण्यांवर ड्रोन हल्ले होऊन आपले नेते मेल्याचा आरोप भारतीय लष्करावर केला. लष्कराने अशा कारवाईची काही माहिती नसल्याचे सांगितले. आरोप करणारी संघटना स्वतः रक्ताने माखलेली आहे, तिच्या शब्दावर विसंबण्याचे कारण नाही. पण तो भाग म्हणजे २०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावल्यानंतर म्यानमारच्या लष्करी राजवटीच्या हाताबाहेर जात चाललेला सागाइंग प्रदेश आहे. तिथे उद्या कोणी हल्ला केलाच, तर संमती कोणाची घ्यायची, ती कोणत्या कागदावर असेल, आणि छावणीशेजारच्या नागा गावातले कोणी मेले तर त्याच्या घरी निरोप कोणी न्यायचा, हे दिल्लीने संसदेच्या पटलावर आजवर ठेवलेले नाही.